दाब

स्कूटर डावीकडून आली असणार, कारण आम्रपालीची ओढणी डावीकडेच ओढली गेली. पण येताना ती दिसली नाही. आधी रस्ता मोकळा होता, कर्वेनगरचा दुपारचा ओळखीचा रस्ता, ज्युनिअर कॉलेजचे तास संपले की ती रोज ओलांडायची तो. आणि मग एकदम कानाशी ब्रेकचा कर्कश आवाज, तापलेल्या इंजिनाचा वास, आणि हेल्मेट कोपराला अडकवलेला एक पन्नाशीचा गृहस्थ. "अहो बाई, रस्ता आपल्या मालकीचा आहे हे ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "तशी पाटी तरी लावायची." बसस्टॉपवरचे दोघंतिघं हसले. "सॉरी," ती म्हणाली, "दिसला नाहीत." गृहस्थानं स्वतःच्या पोटाकडे एकदा पाहिलं. "एवढा मी, एवढी गाडी. नाही दिसलो. बरं." आणि तो निघून गेला. लागलं काहीच नव्हतं. ओढणीला काळा डाग पडला होता एवढंच. पण फुटपाथवर चढल्यावर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. घाबरली होती ती त्या स्कूटरला नव्हे. आपल्या तोंडून जे वाक्य इतक्या सहज निघालं ते तिचं नव्हतं. ते बाबांचं होतं. अगदी तोच सूर, तीच किंचित ओशाळी घाई, चूक कबूल करताना ती लहान करून टाकण्याची तीच धडपड. दिसलं नाही.

बाबा, म्हणजे बाबुराव, जिल्ह्याच्या पाटबंधारे खात्यात होते. कारकून म्हणून लागले आणि कार्यालयीन अधीक्षक होईपर्यंत चढले. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा बाबा अगदी लहान होते. पण आपण नव्या माणसांतले आहोत, आपला सदरा स्वच्छ आणि आपली फाइल बिनचूक पाहिजे, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. असा माणूस एका संध्याकाळी हात धुऊन आला आणि जमिनीवर वाढून ठेवलेल्या ताटात त्यानं पाय दिला. वरणाची वाटी कलंडली, भात पायाच्या बोटांत गेला. आई, चंद्रभागा, ओरडली, "अवो, अन्न हाय त्ये!" बाबा तसेच उभे राहिले, एक पाय ताटात. "दिसलं नाही गं," ते म्हणाले. आम्रपाली तेव्हा बारावीला होती आणि तिला फक्त किळस आली होती. त्यानंतर अशा गोष्टी होत राहिल्या. ऑफिसच्या जिन्यात ते एका बाईंवर आदळले. बैठकीत साहेबांनी पुढे केलेला कागद त्यांनी घेतलाच नाही. ऑफिसात कुजबुज सुरू झाली की बाबुराव पिऊन येतात. 'शेवटी जायचे कुठे, जात ती जात' असंही कोणीतरी म्हणालं, आणि ते बाबांच्या कानावर पडेल अशा बेतानं म्हणालं. बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पंचशीलातलं ते पाचवं, मद्य न घेण्याचं शील ते विहारात म्हणताना आवाज थोडा चढवायचे. घरी येऊन त्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या न सुटणाऱ्या बेरजेकडे पाहावं तसे ते भिंतीकडे पाहत होते. 'पितो' म्हणणं खोटं होतं. पण मग आपल्याला होतंय तरी काय?

त्या रात्री आम्रपालीनं आरशासमोर उभं राहून एका हातानं एक डोळा झाकला, दुसरा हात कानामागून हळूहळू पुढे आणला. उजवीकडचा हात लवकर आला. डावीकडचा आलाच नाही, बराच वेळ आला नाही, आणि मग नाकाच्या पुष्कळ जवळ एकदम बोटं उगवली. कडेला काळोख असेल असं तिला वाटलं होतं. काळोख नव्हताच. तिथे काही नव्हतं, आणि नसल्याची जाणीवही नव्हती. मनानं ती जागा आसपासच्या भिंतीच्या रंगानं लिंपून टाकली होती, इतकी बेमालूम की किती महिने, किती वर्षं ती अशी लिंपलेल्या जगात हिंडत होती कोण जाणे.

नेत्रतज्ज्ञ डॉक्टर राजनंदिनी वयानं तिच्या जुन्या विद्यार्थिनींइतकी होती. हनुवटी टेकवायला सांगून तिनं निळा दिवा डोळ्यांपाशी आणला, दोन्ही डोळ्यांतला दाब मोजला आणि पुन्हा मोजला. पुन्हा मोजला तेव्हाच आम्रपालीला कळलं. "घरात कोणाला काचबिंदू होता का?" डॉक्टरनं विचारलं. "वडिलांना. पण त्यांना आधी मोतीबिंदू आहे म्हणाले होते." "आणि मग?" "मग गेले डोळे." डॉक्टरनं मान हलवली. ते वाक्य तिनं अनेकदा ऐकलं असावं. मग तिनं समजावून सांगितलं, मॅडम बायॉलॉजी शिकवतात म्हटल्यावर जरा संकोचून. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं, अश्रू नव्हेत, वेगळं पाणी. ते बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून वाहून जातं. जाळी नीट काम करेनाशी झाली की पाणी तुंबतं, दाब वाढतो, आणि मागची नस चेपत जाते. दुखत नाही. लाल होत नाही. आधी कडा जातात, समोरचं अगदी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. "गेलेलं परत येतं का?" आम्रपालीनं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. नसा उगवत नाहीत हे ती दर वर्षी शिकवत आली होती. "नाही," डॉक्टर म्हणाली. "उरलंय ते राखायचं. रोज थेंब घालायचे, कायमचे."

पिकू द्या. पेठेतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं, मोतीबिंदू अजून कच्चा आहे, पिकू द्या, मग काढू. आणि बाबा वाट पाहत बसले. सकाळी गॅलरीत उभे राहून ते समोरच्या इमारतीकडे पाहायचे आणि जरा उत्साहानंच म्हणायचे, "आज आणखी धुरकट आहे. पिकतोय." आई म्हणायची, "पिकू द्या, पिकू द्या." सगळं घर आंब्याच्या अढीकडे पाहावं तसं बाबांच्या डोळ्यांकडे पाहत होतं. शेवटी मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी टॉर्च मारला. मोतीबिंदू होता, थोडासा. त्याच्यामागे दुसरंच काही वर्षानुवर्षं चाललं होतं. बाबांनी विचारलं, "म्हणजे पिकला नाही अजून?"

"आणखी एक विचारू?" डॉक्टर राजनंदिनी म्हणाली. "पाळी कधी गेली?" आम्रपालीला हा प्रश्न डोळ्यांच्या खोलीत अपेक्षित नव्हता. "ऑपरेशन झालं. गर्भपिशवी काढली. चाळिशी नुकतीच उलटली होती." "ओव्हरीजसकट?" "हो." "नंतर हार्मोनच्या गोळ्या?" "नाही दिल्या." डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. इस्ट्रोजेन डोळ्याच्या नसेला थोडंफार राखत असावं, ती म्हणाली. ज्या बायकांची पाळी फार लवकर जाते त्यांच्यात हा आजार जास्त दिसतो असं काही अभ्यास म्हणतात, काहींत तसं दिसत नाही. "म्हणजे ते ऑपरेशन केलं नसतं तर..." "मॅडम, असं एका गोष्टीकडे बोट दाखवता येत नाही. वडिलांकडून आलेलं आहेच. त्यात हे. त्यात वय. कशानं किती, ते तुमच्या बाबतीत कोणीच सांगू शकणार नाही." आणि मग, फाइल मिटता मिटता, सवयीनं, "भाऊ-बहीण आहेत? मुलं? सगळ्यांना तपासून घ्यायला सांगा. सख्ख्या नात्यात धोका बराच जास्त असतो."

ऑपरेशनच्या आधी संजय, तिचा नवरा, म्हणाला होता, "काढून टाक, कटकट गेली." तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईही जवळजवळ तेच म्हणाल्या होत्या, फक्त इंग्रजीत. आणि तिलाही तेच वाटलं होतं. महिन्यातले किती दिवस रक्त जायचं, फळ्यासमोर उभं राहिलं की डोळ्यांपुढे तारे यायचे. शुद्धीवर आल्यावर तिला हलकं वाटलं होतं, खोली रिकामी केल्यावर वाटतं तसं. मग काही महिन्यांनी ते घामाचे लोंढे सुरू झाले. वर्गात बोलता बोलता मानेपासून आग चढायची, ओठांवर घाम, मुली एकमेकींकडे पाहायच्या. रात्री झोप तुटायची. शरीरातून काहीतरी निघून गेलंय आणि त्याच्या जागी कोणी आलेलं नाही, असं वाटत राहायचं. होईल सवय, असं म्हणून तिनं ते सोसलं आणि सवय झाली. आता तिला वाटलं, त्याच दिवसांत, घाम पुसत ती फळ्यावर अंडाशयाची आकृती काढत असताना, तिकडे डोळ्यांच्या मागे एक पहारा उठून गेला असेल. खरंच असेल का? की बाबांकडून आलेलं ते असंही आपल्या वेळेला उठलंच असतं? तिला कोणीतरी दोषी हवं होतं. डॉक्टर, संजय, ती स्वतः, कोणीही. म्हणजे रागाला बसायला जागा मिळाली असती. पण जिथे हात घालावा तिथे 'काही अंशी' होतं, 'असावं' होतं, आणि राग परत तिच्याच अंगावर येत होता.

वर्गात तिचा आनुवंशिकतेचा धडा चालू होता. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे स्त्री, आजार असेल तो भरून काढायचा. मुलांना हे आवडायचं, कोड्यासारखं वाटायचं. तिनं फळ्यावर एक चौकोन काढला, तो खडूनं भरला, आणि शेजारी एक रिकामा गोल काढला. खाली दोन रेषा. एक गोल, एक चौकोन. मग ती थांबली. मागच्या बाकावरून कोणी विचारलं, "मॅडम, ह्यांच्यातलं कोण अफेक्टेड?" तिनं डस्टर उचललं. "काही आजार असे सरळ नसतात," ती म्हणाली. "आपल्या धड्यातल्या वाटाण्यांसारखे नसतात. पुष्कळ जनुकं थोडी थोडी हातभार लावतात. ती आली तरी आजार येईलच असं नाही." "मग कळणार कसं?" "कळत नाही," ती म्हणाली, आणि हे परीक्षेला येणार नाही म्हणून मुलांनी वह्या मिटल्या.

संजयची बदली अमरावतीला होती. फोनवर त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "औषध आहे ना त्याच्यावर? मग झालं तर." त्याला दुखवायचं नव्हतं. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. मुलगी पूर्वा खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि तिथेच मैत्रिणींबरोबर राहायची. ती म्हणाली, "आई, चिल. मी पण करून घेते चेकअप. ऑफिसचा इन्शुरन्स आहे, होऊन जाईल." राहिला प्रज्ञेश. धाकटा भाऊ, हडपसरला राहणारा, आईला सांभाळणारा. त्याला फोनवर सांगण्याचा धीर तिला झाला नाही.

रविवारी ती हडपसरला गेली. आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. प्रज्ञेश पलंगावर टीव्हीसमोर पाय लांब करून बसला होता; वहिनी, अस्मिता, कामावर गेली होती. तो एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायचा. हातातला तुकडा डोळ्यांपाशी धरून बारीक चर शोधण्यात त्याची हयात गेली होती. "तुला बारीक चर दिसतो म्हणून डोळे चांगले असं नसतं रे," ती म्हणाली. "समोरचं शेवटी जातं." "ताई, मला काही झालेलं नाही." "एकदा दाखवायला काय हरकत आहे?" "दाखवलं आणि त्यांनी लिहून दिलं की कंपनी मला ठेवणार आहे का? तुझं काय, तू खडू घेऊन उभी राहशील. मी डोळ्यांचंच खातो." आवाज चढला तसा त्याला दम लागला. त्यानं उशीखालून एक चुरगळलेलं पाकीट काढलं, पांढरी गोळी तोंडात टाकली आणि पाण्याविना गिळली. "ती कसली?" "दम्याची. कोपऱ्यावरचा डॉक्टर देतो. पंप-बिंप काही लागत नाही हिच्यापुढे. अर्ध्या तासात छाती मोकळी." "कधीपासून घेतोस?" "घेतो लागेल तेव्हा. म्हणजे रोजच." तिनं पाकिटाकडे हात पुढे केला तर त्यानं ते परत उशीखाली सारलं. नाव वाचायची गरज नव्हती. स्टेरॉइड. शरीर स्वतःच बनवतं त्या हार्मोनचा सख्खा भाऊ, सकाळी माणसाला उठवतं, धोक्याच्या वेळी धावायला लावतं ते. आणि तेच बाहेरून रोज येत राहिलं तर काही लोकांच्या डोळ्यांतली ती जाळी घट्ट होत जाते. विशेषतः कोणाच्या? ज्यांच्या रक्तात आधीच हे आहे त्यांच्या. हे तिनं परवाच वाचलं होतं. माझ्यातलं एक काढून घेतलं, तिच्या मनात आलं, आणि ह्याच्यात एक ओतलं जातंय. आणि दोन्हीकडून वाट एकाच ठिकाणी जाते, बाबा उभे होते तिथे.

"आई, तू तरी सांग त्याला," ती म्हणाली.

चंद्रभागानं मान वर केली नाही. मेथीची एक काडी तिनं मोडली, पानं टोपलीत टाकली, देठ बाजूला. "मी येकदा क्येलंय," ती म्हणाली. "हाताला धरून संडासला न्हेलंय. दाढी क्येलीय. घास भरवलाय. रातीचं उठून इचारायचे, उजाडलं का म्हून. चौदा वर्सं." मग पुन्हा एक काडी. "आता म्हाज्याच्यानं न्हाई व्हायचं. तुजं बी न्हाई आन त्याचं बी न्हाई. म्हाज्याफुडं काडू नका त्ये." आम्रपालीला आईच्या अंगावर ओरडावंसं वाटलं, मी तुझ्यापाशी करून घ्यायला आलेय का असं विचारावंसं वाटलं. पण तिचं लक्ष आईच्या हातांकडे गेलं. देठ टोपलीत पडत होते आणि पानं बाजूला. आम्रपाली उठली. प्रज्ञेश तिला खालपर्यंत सोडायला आला नाही. त्या वेळी तिला त्याचा राग आला होता.

दोन आठवड्यांनी पूर्वा घरी आली. तिनं चहा केला, आईच्या डोळ्यांत थेंब घातले, आणि मगच सांगितलं. दाब वरच्या कडेला होता. नसेचा मधला खड्डा असायला हवा त्याहून मोठा. अजून आजार म्हणत नाहीत, संशयित म्हणतात. दर सहा महिन्यांनी बघायचं. "म्हणजे काहीच नाही," आम्रपाली घाईनं म्हणाली. "लवकर कळलं हे किती चांगलं. आता सगळं राखता येईल तुझं. आजोबांच्या वेळी..." "आई, मला माहितीये गं. मी वाचलंय सगळं." पूर्वा कपाच्या कानाशी खेळत राहिली. "मी गंधारला सांगितलं. आपण लग्न करू पण मुलं नकोत म्हटलं." गंधार तिचा मित्र, दोघांचं येत्या हिवाळ्यात ठरत होतं. "काय म्हणाला तो?" "ओके म्हणाला. तो सगळ्याला ओके म्हणतो." "पूर्वा, डॉक्टरही असं सांगत नाहीत कोणाला. ह्याच्यावर उपचार आहेत. येईलच असंही नाही." "मला कोणी सांगायला कशाला पाहिजे? मी तुला बघतेय ना, तू जिना उतरताना प्रत्येक पायरी पायानं चाचपतेस. मला पुढच्या कोणाला बसून हे समजावून सांगायचं नाहीये." आणि मग तिनं मान वर करून अगदी शांतपणे विचारलं, "तुला आधी माहीत असतं तर तू मला होऊ दिलं असतंस?"

उत्तर साधं होतं. हो, होऊ दिलं असतं. ते आम्रपालीच्या ओठांवर होतंही. पण त्याच क्षणी तिला बाबा दिसले. ताटात पाय घालून उभे असलेले, आणि त्याहून आधीचे, तिला खांद्यावर घेऊन कॅनॉलच्या कडेनं चालणारे बाबा, ज्यांना त्या दिवशी लांबच्या तारेवर बसलेला नीळकंठ दिसला होता आणि त्यांनी तिची मान हळूच तिकडे वळवली होती. त्यांना कोणी असं विचारलं असतं तर? सगळं काही बिनचूक ठेवणारा तो माणूस, ही चूक त्यानं पुढे जाऊ दिली असती? त्यांनी नाही म्हटलं असतं तर ती नव्हती, प्रज्ञेश नव्हता, समोर बसलेली ही नव्हती. आणि असं असूनही ते म्हणाले असते, नको, माझ्यापाशीच थांबू दे. तिला खात्री होती ते तसं म्हणाले असते. हे सगळं मनातून जाऊन ती "हो" म्हणाली तोपर्यंत उशीर झाला होता. पूर्वानं कप उचलून बेसिनमध्ये ठेवला. "इट्स ओके, आई," ती म्हणाली. "मी सहज विचारलं." नळ बराच वेळ वाहत राहिला. एक कप धुवायला लागतो त्याहून खूप जास्त वेळ.

त्यानंतर पावसाळा उलटला. थेंब घातले की जीभ कडू व्हायची, पापण्यांखालची कातडी काळवंडत चालली. दाब मात्र उतरला. डॉक्टर राजनंदिनी खूश होती. आम्रपालीला खूश होता येत नव्हतं. ती जगाचा उरलेला तुकडा सांभाळून चालत होती, काठोकाठ भरलेलं भांडं घेऊन चालावं तशी. एका दुपारी आईचा फोन आला. आई स्वतःहून कधी फोन करत नसे. "आमरा," ती म्हणाली, "त्याला घिऊन जा." "कोणाला? काय झालं?" "काय न्हाई झालं. पानी दिलं तर गिलास हाताला लागंना त्याच्या. सबंद मान वळवून बगतो त्यो. तुज्या बाबासारका." "कधीपासून, आई?" फोनवर टीव्हीचा आवाज येत राहिला. "दोन वर्सं झाली आसतील," आई म्हणाली. "दिसत हुतं मला. मला येकटीला दिसत हुतं." आणि तिनं फोन ठेवून दिला. आम्रपाली स्टाफरूममध्ये उभी होती. मेथी मोडणारे ते हात तिला आठवले, आणि प्रज्ञेश तिला खाली सोडायला का आला नव्हता तेही कळलं. त्या दिवशी जिन्यातला दिवा गेलेला होता. त्यानंही लपवलं होतं, बाबांनी लपवलं तसं, आपण महिनोन्महिने स्वतःपासून लपवलं तसं. हेही रक्तातूनच येत असेल का, तिच्या मनात आलं, हे गप्प बसणं? त्याचा जनुक कोण शोधणार?

प्रज्ञेश कुरकुर न करता आला, तेच तिला जास्त लागलं. दवाखान्यात त्यानं तिचं कोपर धरलं होतं आणि वर 'ताई, जपून' म्हणत होता, जणू तिला सांभाळायला तो आला होता. डॉक्टरनं दाब मोजला, गोळीचं पाकीट पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "ही एकदम बंद करायची नाही," ती म्हणाली. "छातीच्या डॉक्टरांना भेटून हळूहळू उतरवायची. पण हे आपल्याला फार आधी कळायला हवं होतं." मग त्याला पडद्यामागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे एका पांढऱ्या गोल भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आणि कडेला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. दाबलं की टिक असा आवाज होतो. आम्रपाली बाहेर बाकावर बसली. आतून आवाज येऊ लागला, टिक, टिक, टिक, टिक. भरभर, न थांबता, पावसाचे थेंब पत्र्यावर पडावेत तसा. क्षणभर तिला आनंदाचा झटका आला. दिसतंय त्याला. एवढं सगळं दिसतंय. मग तपासणाऱ्या बाईंचा आवाज आला, "अहो दादा, दिवा लागला तरच दाबायचं. उगाच दाबू नका." "लागतोय ना," प्रज्ञेश म्हणाला. "आत्ता नव्हता लागला." "मला दिसला." टिक, टिक, टिक. तिनं डोळे मिटून घेतले. बाबा असते तर त्यांनीही असंच दाबलं असतं. एकही फाइल न चुकवता, प्रत्येक दिव्याला हजेरी लावल्यासारखं.

बाई बाहेर आल्या. "ही तपासणी धरता येणार नाही मॅडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "परत घ्यावी लागेल. तुम्ही जरा सांगता का त्यांना?" आम्रपाली आत गेली. अंधारात तिला काही दिसेना. ती भिंत चाचपत पुढे झाली आणि तिचा हात त्याच्या खांद्याला लागला. शर्ट घामानं ओला होता. "प्रज्ञेश," ती म्हणाली, "इथे कंपनीचं कोणी नाही रे. मीच आहे." त्याचं यंत्रात तोंड तसंच होतं. थोड्या वेळानं त्यानं मान हलवली, एकदाच, आणि तो खांदा तिच्या हाताखाली सैल पडला. ती बाहेर येऊन पुन्हा बाकावर बसली. पडदा ओढला गेला. "हां, आता करा सुरू," बाई म्हणाल्या. "दिवा दिसला की दाबायचं. घाई नाही." "दाबतो," प्रज्ञेश म्हणाला. यंत्राची घरघर सुरू झाली. आम्रपाली कान देऊन बसली. एक टिक झाली. बऱ्याच वेळानं आणखी एक. मग घरघर तेवढी चालू राहिली. आत दिवे लागत होते, विझत होते, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. "दादा, झोपलात का?" बाईंनी विचारलं. "नाही," आतून प्रज्ञेशचा आवाज आला, अगदी शहाण्या मुलासारखा. "जागा आहे. दिसला की दाबतो."